मॅग व्हील घेताना : टायरचा आकार आणि ऑफसेटचा हिशेब

दसरा किंवा पाडवा जवळ आला की मोटारींच्या सजावटीच्या दुकानांतील वर्दळ वाढते. नव्या गाडीची पोलादी चाके, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'डिस्क', काढून त्या जागी चकचकीत अलॉय व्हील बसविण्याची हौस शहरी वाहनधारकांमध्ये गेल्या काही दशकांत चांगलीच रुजली आहे. मिश्रधातूच्या या चाकांना आजही अनेक जण 'मॅग व्हील' म्हणतात. दुकानात ग्राहक प्रामुख्याने तीन गोष्टी विचारतो : नक्षी कोणती, आकार किती इंची आणि किंमत किती. ज्या आकड्यांवर गाडीचे वळणे, थांबणे आणि भार पेलणे अवलंबून असते, ते मात्र बहुतेक वेळा विचारलेच जात नाहीत. हे आकडे टायरच्या बाजूवर आणि चाकाच्या मागील अंगावर छापलेले किंवा कोरलेले असतात. ते वाचता आले तर खरेदी निर्धोक होते. न वाचता केलेली खरेदी महिन्याभरात मडगार्डला घासणाऱ्या टायरच्या रूपाने किंवा वर्षभरात गुणगुणणाऱ्या बेअरिंगच्या रूपाने जाणवू लागते.

चाक आणि टायर हा गाडीचा रस्त्याशी असलेला एकमेव दुवा होय. चार टायर मिळून रस्त्याला जेवढा स्पर्श करतात, त्याचे क्षेत्रफळ जेमतेम चार तळहातांएवढे असते. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांची सारी रचना निर्मात्याने एका ठरावीक चाकासाठी केलेली असते. त्यामुळे चाक बदलणे ही केवळ सजावट नसून गाडीच्या रचनेत केलेला बदल आहे, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे.

टायरवरील आकडे

टायरच्या बाजूवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' अशा स्वरूपाची ओळ असते. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ हा आकडा मिलिमीटर नव्हे, तर टक्के दर्शवितो. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मि.मी. आहे, असा त्याचा अर्थ. 'आर' हे अक्षर रेडिअल रचना सुचविते आणि १५ हा चाकाचा इंचांमधील व्यास असतो. पुढील ८८ हा भारांक होय. तो थेट किलोग्रॅम सांगत नाही. ठरलेल्या तक्त्यानुसार ८८ म्हणजे एका टायरमागे ५६० किलो. शेवटचे 'एच' हे वेगाचे चिन्ह असून ते ताशी २१० किलोमीटरची कमाल मर्यादा दर्शविते. 'एस' म्हणजे १८०, 'टी' म्हणजे १९०, तर 'व्ही' म्हणजे २४० किलोमीटर.

आपल्याकडे एवढ्या वेगाने कोणी जात नाही, तेव्हा या चिन्हाचे महत्त्व काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. वेगाचे चिन्ह हे टायर किती उष्णता सोसू शकतो याचेही निदर्शक असते. भर उन्हाळ्यात, पूर्ण भरलेल्या गाडीने सिमेंटच्या महामार्गावरून तासन्‌तास धावताना हीच सोशिकता कामी येते. म्हणून नवा टायर निवडताना भारांक आणि वेगाचे चिन्ह निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या खाली जाऊ नये.

मूळ टायरचा आकार आणि हवेचा दाब यांची माहिती देणारे लेबल बहुतेक गाड्यांमध्ये चालकाच्या दरवाजाच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतील बाजूस लावलेले असते. चाके बदलण्याच्या विचाराची सुरुवात दुकानातील शोकेसपासून नव्हे, तर या लेबलापासून व्हावी.

पहिली अट : बाहेरचा व्यास

चाक मोठे घ्यायचे तर टायरची भिंत त्याच प्रमाणात कमी करावी लागते, जेणेकरून टायरसह चाकाचा बाहेरील व्यास जवळपास पूर्वीएवढाच राहील. हा व्यास काढण्याची रीत सोपी आहे. चाकाचा इंचांमधील व्यास २५.४ ने गुणावा आणि त्यात टायरच्या भिंतीची दुप्पट उंची मिळवावी.

मारुती सुझुकीच्या २०१८ मध्ये आलेल्या स्विफ्टचे उदाहरण यासाठी उद्‌बोधक आहे. या गाडीच्या खालच्या श्रेणींना १६५/८० आर १४, तर वरच्या श्रेणींना १८५/६५ आर १५ हा टायर देण्यात आला. पहिल्याचा व्यास ३५५.६ अधिक २६४, म्हणजे ६१९.६ मि.मी. येतो. दुसऱ्याचा व्यास ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५ मि.मी. चाक एका इंचाने मोठे झाले, टायर २० मि.मी.ने रुंद झाला. पण बाहेरील व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरांचा फरक पडला. निर्माता स्वतः चाक मोठे करतो तेव्हा कोणती गोष्ट स्थिर ठेवतो, हे यावरून स्पष्ट होते.

हाच हिशेब पुढे नेल्यास १९५/५५ आर १६ या टायरचा व्यास ६२०.९ मि.मी. आणि २०५/४५ आर १७ चा ६१६.३ मि.मी. येतो. हे दोन्ही मूळ व्यासाच्या एक टक्क्याच्या आत आहेत. याउलट, 'टायर भरदार दिसतो' म्हणून त्याच १५ इंची चाकावर २०५/६५ आर १५ चढविला, तर व्यास ६४७.५ मि.मी. होतो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढतो. अशा वेळी स्पीडोमीटर आधीच्या तुलनेत कमी वेग दाखवू लागतो. मूळ टायरवर काटा अचूक आहे असे धरले, तर काट्यावर १०० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी १०४ किलोमीटरने धावत असते. वेगमर्यादेवर कॅमेऱ्यांची नजर असणाऱ्या रस्त्यांवर हा फरक दंडाच्या पावतीपर्यंत नेऊ शकतो. शिवाय टायरची वरची कड मडगार्डच्या आतील भागाच्या १३ मि.मी. जवळ येते आणि पिकअप मंदावतो.

व्यासातील फरक शक्यतो दोन टक्क्यांच्या आत ठेवावा; तीन टक्के ही अखेरची मर्यादा समजावी. चारही चाकांचा व्यास सारखा असणेही तितकेच आवश्यक आहे. एबीएस आणि गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याची सतत तुलना करीत असतात. पुढे एक आणि मागे वेगळ्या व्यासाचा टायर असल्यास या यंत्रणांची दिशाभूल होते. डिकीतील स्टेपनीचा व्यासही या दृष्टीने तपासून घ्यावा.

भारांक : न दिसणारी घट

व्यास जुळला म्हणजे टायर जुळला, असा समज सर्वत्र आढळतो. तो धोकादायक आहे. टायर जो भार पेलतो तो रबराच्या जोरावर नव्हे, तर आत कोंडलेल्या हवेच्या जोरावर. चाक मोठे आणि टायरची भिंत बुटकी होत जाते, तशी आतील हवेची जागा कमी होते आणि त्यानुसार भारक्षमताही घटू शकते.

वरील उदाहरणातच पाहू. १८५/६५ आर १५ या टायरचा भारांक सामान्यतः ८८, म्हणजे ५६० किलो असतो. १९५/५५ आर १६ चा ८७, म्हणजे ५४५ किलो. २०५/४५ आर १७ च्या साध्या प्रकाराचा ८४, म्हणजे अवघा ५०० किलो. दिसायला सर्वांत रुबाबदार असलेला १७ इंची संच प्रत्येक चाकामागे ६० किलो, म्हणजे चार चाकांमागे २४० किलो कमी भार पेलतो. तीन-चार प्रौढ माणसांच्या वजनाएवढी ही तूट आहे. रिकाम्या गाडीत ती जाणवत नाही. पाच माणसे, भरलेली डिकी आणि टपावरचे सामान घेऊन घाट चढताना मात्र निर्मात्याने राखलेले सुरक्षेचे अंतर त्यातून खर्च होत असते.

याच आकारात 'एक्स्ट्रा लोड' प्रकारचा टायर मिळतो आणि त्याचा भारांक ८८ असतो. मात्र तेथेही एक अट आहे. साध्या टायरची कमाल भारक्षमता सुमारे ३६ पीएसआय दाबावर मोजलेली असते, तर एक्स्ट्रा लोड टायरची सुमारे ४२ पीएसआयवर. जुन्या टायरला भरत होतो तेवढीच हवा नव्या टायरमध्ये भरली, तर वाढीव भारांकाचा लाभ पूर्णपणे मिळत नाही. दाब किती ठेवावा, हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवावे आणि पेट्रोल पंपावर तोच आकडा आग्रहाने सांगावा.

टायरला शोभेल अशी रिम

प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीची एक मर्यादा ठरलेली असते. चाकावर '६ जे' असे कोरलेले असल्यास ६ ही टायरच्या दोन कडा जेथे बसतात त्यामधील इंचांतील रुंदी असते आणि 'जे' हे अक्षर रिमच्या काठाचा आकार सांगते. १८५/६५ आर १५ साठी ५ ते ६.५ इंच, १९५/५५ आर १६ साठी ५.५ ते ७ इंच आणि २०५/४५ आर १७ साठी ६.५ ते ७.५ इंच रुंदीची रिम चालते. रिम यापेक्षा अरुंद असेल, तर टायर फुगीर होतो, वळणावर डोलतो आणि त्याच्या नक्षीचा मधला भाग लवकर झिजतो. रिम अतिरुंद असेल, तर टायर ताणला जातो, रिमचा काठ उघडा पडतो आणि पहिल्याच खड्ड्यात तो मार खातो. हौशी मंडळींमध्ये ताणलेल्या टायरचे आकर्षण असते. पण वळणावर किंवा हवा कमी झाल्यावर अशा टायरची कड रिमवरून निसटण्याची शक्यता अधिक असते.

ऑफसेट म्हणजे काय?

व्यास आणि रुंदी दोन्ही जुळल्यावरही चाक गाडीला बसेलच असे नाही. ते आत किती आणि बाहेर किती राहणार, हे ऑफसेटवर ठरते. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधून एक उभी रेषा कल्पावी. चाकाची जी सपाट बाजू हबला टेकते, तिचे या मध्यरेषेपासूनचे मिलिमीटरमधील अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर तो 'ईटी' या दोन रोमन अक्षरांपुढे लिहिलेला असतो. 'आइनप्रेसटीफे' या जर्मन शब्दाचा हा संक्षेप आहे.

टेकण्याची बाजू मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दिशेला असेल, तर ऑफसेट धन असतो आणि चाकाचा अधिक भाग गाडीच्या आत जातो. ती मध्यरेषेच्या आत असेल, तर ऑफसेट ऋण असतो आणि चाक बाहेर येते. पुढची चाके ओढणाऱ्या आजच्या बहुतेक मोटारींचा ऑफसेट धन असून तो सर्वसाधारणपणे ३५ ते ५० च्या दरम्यान आढळतो. 'खोल डिश'ची म्हणून ओळखली जाणारी चाके कमी ऑफसेटची असतात. लक्षात ठेवायचा नियम एवढाच : ईटीचा आकडा जितक्या मिलिमीटरने कमी, तितके चाक बाहेर, जितका जास्त, तितके आत.

आत किती, बाहेर किती

समजा, मूळ टायर १८५ मि.मी. रुंद असून चाक ५.५ जे, ईटी ४५ आहे. टायरची निम्मी रुंदी ९२.५ मि.मी. तीत ४५ मिळवले की हबपासून आतील बाजूचा पल्ला १३७.५ मि.मी. येतो. ९२.५ मधून ४५ वजा केले की बाहेरचा पल्ला ४७.५ मि.मी. येतो. आता १९५ मि.मी. रुंदीचा टायर आणि ६ जे, ईटी ४० असे चाक घेतले, तर आतला पल्ला ९७.५ अधिक ४०, म्हणजे पुन्हा १३७.५ मि.मी. येतो. बाहेरचा पल्ला ५७.५ मि.मी. होतो. म्हणजेच टायर आत शॉक अ‍ॅब्सॉर्बरपासून पूर्वीएवढाच दूर राहिला आणि वाढलेली सारी दहा मिलिमीटर रुंदी बाहेर आली. मडगार्डच्या कडेशी तेवढी जागा असेल, तर ही निवड योग्य ठरेल.

आता तोच टायर ७ जे, ईटी २५ च्या चाकावर बसविल्यास काय होईल? आतला पल्ला १२२.५, तर बाहेरचा ७२.५ मि.मी. होईल. चाक मूळ जागेपेक्षा २५ मि.मी. बाहेर आले. दुकानात, गाडी रिकामी आणि चाके सरळ असताना ते बसल्यासारखे दिसेल. मागच्या आसनावर तीन माणसे बसली आणि गतिरोधक आला की मडगार्डची कड टायर कापू लागेल.

असा हिशेब करताना टायरसोबत रिमच्या आतील काठाचाही विचार करावा. ५.५ जे ईटी ४५ ऐवजी ६ जे ईटी ४० घेतल्यास रिमची आतील कड केवळ १.३५ मि.मी.ने आत सरकते. पण चाक त्याच ईटी ४५ चे आणि ७ जे रुंदीचे घेतल्यास ती १९ मि.मी.ने आत जाते. ब्रेकच्या कॅलिपरसाठी मोकळी जागा आहे की नाही, हे तर केवळ ऑफसेटवरूनही कळत नाही, कारण चाकाच्या आऱ्या आतून किती फुगीर आहेत यावर ते अवलंबून असते. यासाठी एक चाक टायरविना हबवर चढवून हाताने फिरवून पाहणे, हाच खात्रीचा उपाय.

जुन्या बाजारातील चाकावर ईटीचा आकडा पुसट झालेला असू शकतो. अशा वेळी चाक पालथे घालून त्याच्या मागील कडांवर सरळ पट्टी ठेवावी आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचे अंतर मोजावे. या अंतरातून चाकाची निम्मी एकूण रुंदी वजा केली की ऑफसेट मिळतो. एकूण रुंदी ही जेच्या आकड्यापेक्षा सुमारे एक इंचाने जास्त असते, कारण तीत दोन्ही काठांची जाडी येते. ६ जे चाकाची एकूण रुंदी सुमारे १७८ मि.मी. आणि मोजलेले अंतर १२९ मि.मी. असेल, तर ऑफसेट ४० च्या आसपास निघेल.

चुकीच्या ऑफसेटची किंमत

टायर कुठेही घासत नाही, मग चाक थोडे बाहेर आले तर बिघडले कुठे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. नुकसान तीन ठिकाणी होते. हबच्या बेअरिंगवर गाडीचा भार ठरावीक जागी यावा, अशी योजना असते. चाक बाहेर सरकले की तरफेच्या तत्त्वाने बेअरिंगवरील ताण वाढतो. हाच ताण सस्पेन्शनचे सांधे आणि रबरी बुश यांच्यावरही येतो.

तिसरा परिणाम स्टिअरिंगवर होतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. पुढचे चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष खाली वाढविला तर जमिनीला एका बिंदूवर मिळतो. हा बिंदू आणि टायरच्या स्पर्शाचा मध्य यांतील अंतराला 'स्क्रब रेडिअस' म्हणतात. अनेक आधुनिक मोटारींमध्ये ते मुद्दाम अल्प किंवा ऋण ठेवलेले असते. १९७२ मध्ये आलेल्या आउडी ८० या मोटारीने ऋण स्क्रब रेडिअसची ही रचना लोकप्रिय केली. तिचा लाभ असा, की एका बाजूची चाके कोरड्या डांबरावर आणि दुसऱ्या बाजूची चिखलात असताना जोरात ब्रेक लावला, तरी स्टिअरिंग आपोआप गाडी सरळ ठेवण्याच्या दिशेने झुकते. ऑफसेट २०-२५ मि.मी.ने कमी केला की हा गुण नाहीसा होतो, किंबहुना उलटा होतो. ब्रेक दाबताच स्टिअरिंग हाताला हिसका देते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. पावसाळ्यात साइडपट्टी चिखलाने भरलेल्या रस्त्यावर हीच परिस्थिती पदोपदी येते.

चाक आणि हब यांच्यामध्ये स्पेसरची चकती घालणे म्हणजेही ऑफसेट कमी करणेच होय. दहा मिलिमीटरच्या स्पेसरने ईटी ४५ चे चाक ईटी ३५ चे होते. शिवाय नटाला पकडण्यासाठी उरणारे आटे कमी होतात. नटाची पकड निदान बोल्टच्या जाडीएवढी, म्हणजे १२ मि.मी. बोल्टवर किमान १२ मि.मी. राहायलाच हवी.

बोल्ट, भोक आणि नट

बोल्टच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. मारुतीची स्विफ्ट आणि होंडाची सिटी यांचा पीसीडी ४ × १००, टोयोटा इनोव्हा व ह्युंदाई क्रेटा यांचा ५ × ११४.३, तर फोर्ड फिगोचा ४ × १०८. फियाटच्या पुन्टोचा ४ × ९८ आहे. १०० आणि ९८ यांमध्ये केवळ दोन मिलिमीटरांचा फरक असल्याने चाक जबरदस्तीने बसविता येते. परंतु मग नट तिरके बसतात आणि धावताना सैल होण्याचा धोका राहतो. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर म्हणजे पीसीडी. पाच बोल्ट असतील तर शेजारच्या दोन बोल्टांतील अंतर १.७०१ ने गुणावे.

चाकाचे मधले भोक हबच्या उंचवट्यावर नेमके बसणे अपेक्षित असते. स्विफ्टसाठी ते ५४.१ मि.मी., होंडा सिटीसाठी ५६.१ मि.मी. असते. बाजारातील अलॉय चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे भोक मोठे ठेवलेले असते. अशा वेळी हब आणि चाक यांमधील फट भरून काढणारी योग्य मापाची रिंग घालावी. ती न घातल्यास बॅलन्सिंग अचूक असूनही ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि दोष बिचाऱ्या बॅलन्सिंगवाल्याच्या माथी येतो.

नटांचेही तसेच. सुझुकीच्या मोटारींत १२ मि.मी. बोल्टला १.२५ मि.मी. अंतराचे आटे असतात, तर होंडा, टोयोटा, ह्युंदाई यांच्या अनेक मोटारींत १.५ मि.मी.चे. होंडाच्या मूळ चाकांना गोलसर बुडाचे नट लागतात, तर बाजारातील बहुतेक अलॉय चाकांना निमुळत्या बुडाचे. जुनेच नट नव्या चाकाला लावल्यास ते काठावर टेकतात आणि पुरेसे आवळल्याचा आभास निर्माण होतो. नवी चाके बसविल्यावर नट निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

खड्डे आणि पाऊस

आपल्या रस्त्यांचा विचार केल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. खड्ड्याचा पहिला आघात टायरची भिंत झेलते. वरील उदाहरणात १४ इंची चाकावर ती १३२ मि.मी., १५ इंचीवर १२० मि.मी., १६ इंचीवर १०७ मि.मी. आणि १७ इंचीवर अवघी ९२ मि.मी. उरते. भिंत कमी झाली की वळणावर गाडी अधिक नेमकी वळते, हे खरे. पण खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो. पोलादी डिस्क अशा धक्क्याने वाकते आणि ती ठोकून सरळ करता येते. ओतीव मिश्रधातूचे चाक तडकू शकते. तडकलेले चाक वेल्डिंग करून वापरणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

रुंद टायरची कोरड्या रस्त्यावरील पकड चांगली असते. मात्र साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगाला तरंगू लागतो, कारण त्याला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. चाक मोठे म्हणजे हलके, हाही गैरसमजच. मोठे चाक आणि रुंद टायर यांचे एकत्रित वजन मूळ संचापेक्षा जास्त भरल्यास सस्पेन्शनवरील ताण आणि इंधनाचा खर्च दोन्ही वाढतात. यास्तव चाक आणि टायर घेण्यापूर्वी त्यांचे वजन विचारून घ्यावे.

कायदा, मानक आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील माहिती विसंगत होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात मूळ तपशिलाविरुद्ध फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे निर्मात्याने त्याच गाडीच्या अन्य श्रेणीसाठी स्वतः दिलेला आकार निवडणे, हा सर्वांत निर्वेध मार्ग ठरतो.

केंद्र सरकारच्या २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक केले. मोटारींच्या टायरसाठीचे मानक आयएस १५६३३ हे आहे. २०२० मध्ये चाकांच्या रिमसाठीही असाच आदेश काढण्यात आला असून त्यासाठीचे मानक आयएस १६१९२ आहे. बिनखुणेचे स्वस्त चाक कितीही देखणे असले, तरी त्याची ताकद कोणी तपासली आहे याचा पुरावा त्यावर नसतो.

बाहेरून बसविलेल्या चाकांची माहिती विमा कंपनीला देऊन त्यांची किंमत पॉलिसीत नोंदवून घ्यावी. तसे न केल्यास अपघातात किंवा चोरीत त्यांची भरपाई मिळत नाही. वॉरंटीच्या काळात सस्पेन्शन किंवा बेअरिंग निकामी झाल्यास बदललेल्या चाकांकडे बोट दाखविले जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. मूळ चाके विकून टाकण्याची घाई म्हणूनच करू नये.

खरेदीचा क्रम

१. दरवाजाच्या खांबावरील लेबलवरून मूळ आकार, आणि टायर व माहितीपुस्तिकेवरून भारांक व वेगाचे चिन्ह लिहून घ्यावे. मूळ चाकाच्या मागील बाजूवरून जे आणि ईटीचे आकडे टिपावेत.

२. नव्या टायरचा बाहेरील व्यास काढून तो दोन टक्क्यांच्या आत आहे ना, हे पाहावे.

३. भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. एक्स्ट्रा लोड टायर घेतल्यास हवेचा नवा दाब विचारून घ्यावा.

४. रिमची रुंदी त्या टायरच्या मर्यादेत असावी.

५. आतला आणि बाहेरचा पल्ला कागदावर मांडावा. ऑफसेट मूळ आकड्याच्या जितका जवळ, तितके चांगले.

६. पीसीडी, मधले भोक, नटांचे आटे आणि त्यांच्या बुडाचा आकार जुळवून घ्यावा.

७. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण वाचावी. तीत पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवितात. २३२५ म्हणजे २०२५ मधील तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

८. एक चाक चढवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. त्यानंतर गाडीत माणसे बसवून गतिरोधकावरून चाचणी घ्यावी. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करूनच पैसे चुकते करावेत.

हा सारा हिशेब कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी यांच्या साह्याने अर्ध्या तासात होतो. उत्तर जुळत नसेल, तर एक इंच लहान चाक घेण्यात कमीपणा नाही. गाडीचा तोल ज्या चाकांवर आहे, त्यांची निवड आधी आकड्यांनी व्हावी. नक्षी आणि रंग निवडण्याचे स्वातंत्र्य त्यानंतरही उरतेच.